एकाच बाजूला लिही

इलोइलो, २४ जानेवारी २०२३

मनांग,

तू माझी मनांग, थोरली बहीण, आहेस आणि शिवाय मठात आहेस, म्हणजे मला दोन्हीकडून उपदेश ऐकावा लागणार हे धरूनच लिहिते. मी नोकरी सोडली.

लगेच कपाळाला हात लावू नकोस. नऊ वर्षं मी कानाला यंत्र लावून ऑस्ट्रेलियातल्या लोकांची बोलणी खाल्ली. त्यांचा फ्रीज गार होत नाही म्हणून मी, जोव्हेलिन पाल्मारेस, इथे बसून दिवसाला साठ वेळा माफी मागायची. समोर छापील कार्ड चिकटवलेलं. आधी "आपला त्रास मी समजू शकते" म्हणायचं, मग माफी, मग कारण, मग तोडगा. गेल्या गुरुवारी एक बाई म्हणाली, "तू माणूस आहेस की टेप?" मी म्हटलं, "आपला त्रास मी समजू शकते, मॅडम." फोन ठेवला. आमच्या आर्नेलने, म्हणजे टीमच्या साहेबाने, त्या कॉलला दहापैकी दहा गुण दिले. त्याच दिवशी राजीनामा त्याच्या टेबलावर ठेवला.

आता चॅनेल हेच माझं काम. 'इंदायचं स्वयंपाकघर', माझ्या घरच्या नावाने, तुला सांगितलं होतं ना. सध्या चारशे लोक बघतात आणि त्यातले निम्मे आपलेच भाऊबंद. पण मला जमेल. सहा महिने घर चालेल एवढं साठवलंय. तेवढ्यात चॅनेल चाललं तर ठीक, नाहीतर पुन्हा कार्ड आणि फ्रीज. त्यापेक्षा मी समुद्रात उडी मारीन.

नानायला सांगितलेलं नाही, आईपुढे तोंड उघडायची हिंमत नाही. रोज सकाळी कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी गळ्यात अडकवून निघते आणि मॉलमध्ये बसून व्हिडिओ जोडते. तिला कळलं तर ती माझी सालटी काढेल.

तू प्रार्थना कर. लोक लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून तुमच्या मठात अंडी वाहतात, मी सबस्क्राइबर यावेत म्हणून वाहते. हसू नकोस. तुमची संत क्लारा टीव्हीची संरक्षक आहे, हे तूच मला सांगितलंस.

तुझी,
इंदाय


मठ, १२ फेब्रुवारी

इंदाय,

हसले नाही. चिडले. सहा महिन्यांत चारशेचे चार लाख होतील हा हिशेब तुला कुणी शिकवला? मी अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि वर्गात सगळ्यात मागे बसणाऱ्या पोरीनेसुद्धा असं उत्तर लिहिलं नसतं. नोकरी सोडायची तर सोड, पण आईशी रोज सकाळी खोटं बोलून निघतेस, ते कशासाठी? आज घरी जा आणि तिला सांग. एवढं ओरडून झालं. आता दुसरं.

बावीस तारखेला राखेचा बुधवार. तेव्हापासून ईस्टरपर्यंतच्या उपासाच्या दिवसांत आम्हांला पत्र लिहायचं नसतं हे तुला माहीत आहे. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगते. मदर मठाच्या प्रमुख असूनही आमची पत्रं उघडत नाहीत. त्यांचा विश्वास आहे, म्हणूनच हे लिहायची हिंमत होते.

ऑगस्टमध्ये, संत क्लाराच्या सणाला, माझी कायमची शपथ आहे. मला कायमचं घ्यायचं की नाही यावर सगळ्या सिस्टर मत देतील, बोटात अंगठी येईल, आणि मग मरेपर्यंत इथेच. सहा वर्षं मी याच दिवसाची वाट पाहिली. आणि गेलं वर्षभर मला प्रार्थना येत नाही. पहाटे सगळ्यांबरोबर उभी राहते, ओठ हलतात, आत कुणी नसतं. मदरना सांगितलेलं नाही. शेजारी सिस्टर बेनिग्ना डोळे मिटून गाते, आणि खरं सांगू, मला तिला चिमटा काढावासा वाटतो.

हे फक्त तुला. तू माझ्यासाठी प्रार्थना कर, कारण माझी मला जमत नाही.

मनांग


इलोइलो, १२ एप्रिल

मनांग,

ईस्टरच्या शुभेच्छा. कुठून सुरुवात करू? एक लाख ऐंशी हजार. तुझी मागच्या बाकावरची पोर आता काय म्हणते?

स्वयंपाक सोडला. तो सगळेच करतात. एकदा सहज कॅमेऱ्यासमोर मनातलं बोलले आणि दुसऱ्या दिवशी बघते तर हजारो लोक. लोकांना खरं बोललेलं आवडतं, मनांग. सेबूची एक विधवा मला लिहिते, मनिलाचा एक बस-चालक लिहितो, दुबईत घरकाम करणाऱ्या मुली लिहितात. सगळे म्हणतात, तुझ्यामुळे रडू आलं आणि बरं वाटलं. फ्रीज दुरुस्त करून कुणी असं म्हणालं नव्हतं.

नानायला सांगितलं. दोन तास बोलली, मग विचारलं, "टीव्हीवर पण येशील का?" आता शेजारणींना बोलावून दाखवते.

बारा डझन अंडी पाठवली आहेत. त्यांचं लेचे फ्लान, आपलं अंड्यांचं पुडिंग, करा आणि बेनिग्नाला दुप्पट वाढ.

आणि ऐक, तुझी पत्रं मला फार आधार देतात. मोठी लिही. मनातलं लिही, अगदी आतलं. एक गोष्ट मात्र कर, कागदाच्या एकाच बाजूला लिही आणि शाई गडद वापर. पाठची अक्षरं पुढे उमटतात आणि माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

तुझी इंदाय


मठ, २ मे

इंदाय,

एकोणतिसाव्या वर्षी डोळे गेले? दिवसभर त्या पडद्यात बघतेस, दुसरं काय होणार. डॉक्टरकडे जा. तोवर मी एका बाजूला लिहीन. मदरकडून काळी शाई मागून घेतली, त्यांनी कारणही विचारलं नाही.

तू रागावली नाहीस, माझं ते ऐकून घाबरलीही नाहीस, याचं मला फार बरं वाटलं. म्हणून उरलेलंही सांगते. मी इथे देवाच्या ओढीने आले असं सगळे समजतात. मीही तसंच सांगत आले. पण ताताय गेल्यावर बापाविना त्या घरात मला नानायचा आवाज सहन होईनासा झाला होता. सकाळी उठल्यापासून तो आवाज. मला फक्त शांतता हवी होती. देव नंतर आला, आणि आता तोही कुठे दिसत नाही. शपथेच्या आधी हे स्वतःशी तरी कबूल करायला हवं. तुझ्याशी केलं म्हणजे अर्धं झालं.

इथे एक विचित्र प्रकार चालला आहे. अंडी आवरत नाहीत. लग्नाचा हंगाम असला तरी इतकी कधी आली नव्हती. बाहेरच्यांशी बोलायचं काम सिस्टर पिलारचं. ती म्हणते, सगळ्या तरुण मुली येतात, पावसाचं नावही काढत नाहीत, आणि जाताना भिंतीचा फोटो काढतात. आम्ही रोज फ्लान खातो आहोत. बेनिग्नाला दुप्पट वाढलं, ती खूश आहे.

मनांग


मठ, २६ मे

जोव्हेलिन,

महिन्याला एकच पत्र लिहायचं असतं. हे दुसरं मी मदरची खास परवानगी काढून लिहिते आहे.

मंगळवारी पिलारला ताप होता, म्हणून फिरत्या खिडकीशी मी बसले. ती खिडकी तू पाहिली आहेस. भिंतीत लाकडाचं पिंप, त्यात बाहेरचा माणूस वस्तू ठेवतो, आम्ही आतून फिरवून घेतो, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. एक बाई आली. आवाजावरून चाळिशीची असावी.

ती म्हणाली, "सिस्टर, ही तीन डझन. त्या सिस्टरना द्या हं, ज्यांचे नुसते ओठ हलतात."

मी म्हटलं, "कोण सिस्टर?"

"नाव नाही ठाऊक. पण अंडी आणि टेकडी म्हणजे तुमचाच मठ, आम्ही सगळ्यांनी शोधून काढलंय. त्यांना सांगा, माझंही तसंच झालंय. ओठ हलतात, आत कुणी नसतं. आणि ती सिस्टर बेनिग्ना कोणती हो? त्यांना चिमटा काढला का शेवटी?"

मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली, "थांबा, दाखवतेच." पिंप फिरलं. अंड्यांच्या मधोमध तिचा फोन, आणि फोनमध्ये तू. मागे पियानो वाजतोय, हातात माझा कागद, डोळ्यांत पाणी. ते पाणी मी ओळखते. लहानपणी बर्फाच्या गोळ्यासाठी काढायचीस तेच. वर नाव लिहिलेलं, 'मठातली पत्रं'. स्वयंपाकघर कुठे गेलं?

सहा वर्षांनी मी पडदा पाहिला आणि त्यावर माझंच अक्षर होतं. एका बाजूला लिहिलेलं. गडद शाईत.

मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हणून लिहिलं होतं, जोव्हेलिन. रोज तुझ्या डोळ्यांची काळजी करत होते.

नानायबद्दलचं वाक्यही वाचलंस. आवाज बारीक करून, मध्ये थांबून. आईशी खोटं बोलू नकोस म्हणून मी तुझी कानउघाडणी केली होती ती मात्र तुझ्या वाचनात कुठेच नाही. मी तेवढा वेळ ऐकलं. माझी शंका विकाऊ, माझा राग बिनकामाचा. मी तुझ्या कानाशी बोलले होते आणि तू मला चव्हाट्यावर बसवलंस. तू समोर असतीस तर मी तुझ्या कानाखाली आवाज काढला असता, अंगावर हा वेश असतानासुद्धा.

फोन पिंपात ठेवला, फिरवला, त्या बाईला धन्यवाद म्हटलं. मग उठून मदरकडे गेले आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

मारिविक


इलोइलो, २ जून

मनांग,

सर्वात आधी, तुला झालेला त्रास मी समजू शकते. त्याबद्दल मनापासून माफी मागते. मार्चमध्ये माझी पुंजी ठरवल्यापेक्षा भराभर आटत चालली होती आणि चॅनेलकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यामुळे हे घडलं. यापुढे मठाचं, टेकडीचं आणि अंड्यांचं नाव गाळून वाचेन, म्हणजे कुणी तिथे येणार नाही.

आता माझंही ऐकून घे, कारण तुझं पत्र वाचून माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

तुला शांतता हवी होती, म्हणून तू गेलीस. मला कुणी विचारलं? मी तेवीस वर्षांची होते. ज्या आवाजातून तू पळालीस तो आवाज तू माझ्या पदरात टाकून गेलीस. तुझ्या जाण्याच्या मिरवणुकीत गावाने तुला फुलं दिली आणि मी घरी येऊन भांडी घासली. तेव्हापासून नानाय रोज मला सांगते की तिची एक मुलगी देवाकडे आहे आणि दुसरी फोनवर. तू दर महिन्याला एक कागद पाठवायचीस आणि मी तो उशाखाली घेऊन झोपायची. ती पत्रं माझी होती. मला आलेली. सहा वर्षं माझ्या वाट्याला तेवढंच आलं, आणि त्याचं मी काय करायचं हेही तूच ठरवणार?

आणि मी काय वाईट केलं? ती बाई तीन डझन अंडी घेऊन आली, कारण तिला वाटलं जगात आपण एकट्याच नाही. तुझ्या उपदेशाने हे कधी झालं होतं?

नानायने ते वाक्य ऐकलं. दोन दिवस बोलली नाही. घर पहिल्यांदा शांत होतं, तुला आवडलं असतं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "किती लोकांनी पाहिलं?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "सगळ्यांना माझा आवाज कसा आहे ते कळलं म्हणजे." आणि अंगणात जाऊन बसली.

मी पुन्हा ते कार्ड समोर लावून बसणार नाही. मला येत नाही ते, मनांग.

जोव्हेलिन


मठ, १४ जून

जोव्हेलिन,

तुझ्या पत्राचा पहिला परिच्छेद मी दोनदा वाचला. त्रास समजला, माफी, कारण, तोडगा. आर्नेलने दहापैकी दहा दिले असते. ज्या कार्डाला कंटाळून तू नोकरी सोडलीस ते तू माझ्याकरता जपून ठेवलं होतंस तर.

त्यापुढचं तू स्वतः लिहिलंस, ते मी मानते. तुला मागे टाकून गेले हे खरं आहे. त्यावर मी सबबी सांगणार नाही. पण मी दिलेल्या दुःखाची परतफेड म्हणून तू माझी पत्रं विकलीस असं मला सांगू नकोस. तुला प्रेक्षक हवे होते. हे एवढंच होतं, आणि ते तुलाही ठाऊक आहे.

ऑगस्टमध्ये माझी शपथ होणार नाही. सिस्टर मतच देणार नाहीत, वर्षभर पुढे ढकललं आहे. मदरनी मला रागावून नाही, हळू आवाजात सांगितलं, ते जास्त लागलं. बेनिग्नाला कुणीतरी चिमट्याचं सांगितलं. ती माझ्याकडे आली, म्हणाली, "काढ बाई, एकदाचा काढून टाक," आणि हात पुढे केला. त्र्याऐंशी वर्षांची बाई. माझ्याच्याने तिच्याकडे बघवलं नाही.

मला माफी नको. माझी पत्रं परत दे, सगळी. आणि नानायला सांग की मी मदरना विचारून तिला वेगळं पत्र लिहिते आहे. ते तिचं आहे. तू उघडायचं नाहीस.

मारिविक


मठाच्या बाहेर, १ जुलै

मनांग,

हे इथेच बसून लिहिते आहे, कठड्यावर. पुडकं खिडकीत ठेवलं, पिलारने आत घेतलं. माझ्यापुढे रांगेत एक मुलगी अंडी घेऊन उभी होती, तिने मला ओळखलं आणि माझ्यासोबत फोटो काढायला आली. मी नको म्हटलं.

सगळे व्हिडिओ काढून टाकले. त्या बस-चालकाने मला भामटी म्हटलं. विधवा म्हणाली, आता मी कुणाचं ऐकू. उरलेत ते स्वयंपाकाचे, आणि ते पुन्हा चारशे लोक बघतात. सोमवारपासून दुसऱ्या कंपनीत जाते आहे. या वेळी वॉशिंग मशीन.

तुझं पत्र नानायला दिलं, उघडलं नाही. तिने ते दाराआड जाऊन वाचलं. काय लिहिलंस ते मला माहीत नाही. त्यानंतर ती माझ्याशी फार सावकाश बोलते आणि मला ते सहन होत नाही.

एकच सांगायचं राहिलं. एका बाजूला लिही असं मी तुला लिहिलं, तेव्हा कशासाठी लिहिते आहे हे मला माहीत होतं. माझे डोळे चांगले आहेत.

याच्यापुढे कारण लिहिणार होते. नाही लिहीत.

पुडक्यात एक पत्र नाही. तू मठात गेल्यावर पहिल्या महिन्यात पाठवलेलं. ते मी कॅमेऱ्यासमोर कधी नेलं नाही. मागितलंस तर देईन.

जोव्हेलिन


मठ, ९ जुलै

इंदाय,

ते ठेव.

मी अजून चिडलेली आहे आणि ते लगेच ओसरेल अशा भ्रमात राहू नकोस. पुडकं पलंगाखाली ढकललंय, उघडलं नाही.

तुला एक गोष्ट सांगायची की नाही यावर आठवडाभर विचार केला. सांगते, पण याचं श्रेय घेतलंस तर याद राख. मेच्या त्या मंगळवारपासून मी रोज पहाटे उभी राहते आणि देवाशी भांडते. तुझ्यावरून. अशी बहीण का दिलीस, तिला अक्कल का नाही दिलीस, आणि मी तिला त्या घरात एकटीला सोडून आले तेव्हा तू मला का अडवलं नाहीस. इतर सिस्टर गात असतात आणि मी मनातल्या मनात त्याला फैलावर घेते. काल मदरना सांगितलं की गाताना माझं लक्ष नसतं, मी सहा आठवडे नुसती भांडतेच आहे. त्या म्हणाल्या, "आणि तो ऐकतो असं वाटतं?" मी म्हटलं, "ऐकत नसेल तर मी एवढी ओरडते कुणावर?" त्या हसायला लागल्या. मग माझ्याही लक्षात आलं.

बेनिग्नाला मी चिमटा काढला. अगदी हलका. तिने मला परत काढला, तो मात्र हलका नव्हता. दंडावर निळा डाग आहे.

वॉशिंग मशीनच्या लोकांना कार्ड न बघता एकदा तरी खरं बोलून बघ. काढून टाकलं तर टाकू देत.

पुढच्या महिन्यात लिही. मीही लिहीन. हे पत्र पेन्सिलीने लिहिलं आहे, बारीक अक्षरात, कागदाच्या दोन्ही बाजूंना, आणि जागा उरली नाही म्हणून कडेनेही. वाचताना डोळ्यांना त्रास होईल. होऊ दे.

मनांग